कासमालीला जरा बरं नाही

कोच्कोर, ६ फेब्रुवारी १९९५

दादा,

सलाम. टेलिफोनची तार पुन्हा कोणीतरी कापून नेली, म्हणून पत्र लिहितेय. डोलोन घाटातला बर्फ ढकलायला असानबाय ट्रॅक्टर घेऊन जातो ना, त्याच्या टोपीत हे पत्र घालून देतेय. टोपीत अशासाठी की मागचं पत्र त्याने खिशात ठेवलं आणि वाटेत त्यात तंबाखू भरून ओढून टाकलं. तुझ्या बहात्तराव्या वाढदिवसाच्या माझ्या शुभेच्छा अशा धुरात गेल्या.

मुख्य गोष्ट आधी लिहिते. डोकं झाक. थंडी सरत आली म्हणून तू टोपी काढून दारात बसत असशील, हे मला इथे घाटाच्या अलीकडे बसूनही दिसतं. आपल्या घरातली माणसं ऐन कडाक्यात मरत नाहीत, कडाक्यात ती ठणठणीत असतात. छपरावरून पाणी ठिबकायला लागलं की त्यांना वाटतं आपण जिंकलो, आणि मग ती कोटाची बटणं उघडी टाकून गावभर हिंडतात. आबा असेच गेले. थोरले काका असेच गेले, तेही एका पायात बूट घालून. तेव्हा वसंतातला नौरूजचा सण होईपर्यंत मी सांगते तसं वाग.

रोज संध्याकाळी तोरूच्या मांसाचे दोन जाड काप खा. हिवाळ्याच्या बेगमीला तू ती घोडी कापलीस ते फार शहाणपणाचं केलंस. तुझा जीव होता तिच्यावर, पण घोडा उष्ण आणि या वयात अंगात उष्णच गेलं पाहिजे. बकरीला तोंड लावू नकोस, बकरी थंड. हिरवा चहा थंड. काळा चहा घे, त्यात दूध, मीठ आणि मेंढीच्या शेपटीची चरबी. छातीला बिज्जूची चरबी चोळ. वास येतो, पण तुझा वास घ्यायला तिथे आहे कोण?

त्यापेक्षा सरळ इथे निघून ये. बोलोत म्हणतो, मामाला चुलीजवळची जागा देऊ. एकट्याने तिथे काय राखण करतोयस?

तुझी झूराकान


कारा-बुलुन, १३ फेब्रुवारी

झूरे,

पत्र मिळालं. त्याला असानबायच्या डोक्याचा वास होता, बिज्जू परवडला.

तू लिहिलंस तसं सगळं करतो. तोरूचा फार मोठा आधार आहे, तिच्यामुळे खोलीत ऊब राहते. यायचं मात्र जमणार नाही. तीन कोंबड्या आहेत, चूल आहे, घर सोडून कसा येऊ? तूही सहासष्टची झालीस, दुसऱ्याच्या टोपीची काळजी करण्यापेक्षा स्वतःचा खोकला बघ. गेल्या वर्षी याच दिवसांत तू महिनाभर कण्हत होतीस, ते विसरलीस वाटतं.

इथे बाकी ठीक. मला जरा बरं नाही. म्हणजे सर्दी आहे, काळजी करण्यासारखं काही नाही. सवड झाली तर येऊन जा, घाई नाही.

कासमाली


कोच्कोर, १८ फेब्रुवारी

हे पत्र कारा-बुलुनमध्ये जो कोणी वाचत असेल त्याला,

कळलं मला. तुम्ही फार जपून लिहिलंत, अक्षरही हुबेहूब त्याचंच काढलंत, त्याबद्दल देव तुमचं भलं करो. पण "जरा बरं नाही, सवड झाली तर येऊन जा, घाई नाही" म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आपल्यात मेलेल्या माणसाला कोणी कागदावर मेला म्हणत नाही. त्याला जरा बरं नसतं.

मी सोळा वर्षांची होते. इथेच कोच्कोरला शाळेच्या वसतिगृहात होते. एक दिवस दादा घोडा घेऊन दारात आला आणि म्हणाला, "आबांना जरा बरं नाही, चल येऊन जाऊ." मी म्हटलं, परीक्षा आहे. तो म्हणाला, घाई नाही, पण चल. पूर्ण घाट त्याने मला हसवत नेलं. गावात एका बकरीने शाळामास्तरांचा कोट कसा खाल्ला, ते त्याने बकरीच्या आवाजात सांगितलं. मी हसत होते. गाव दिसलं तेव्हाही हसत होते. आमच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आतून बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि मी त्याच्याकडे पाहिलं तर तो रडत होता. किती वेळ रडत होता देव जाणे, मी त्याच्या पाठीमागे बसले होते.

तेव्हापासून मला कोणी "जरा बरं नाही" म्हटलं की माझे पाय गार पडतात. म्हणून आता खरं काय ते कळवा. कधी झालं, आणि डोक्याला टोपी होती का?

झूराकान, कासमालीची पाठची बहीण


कारा-बुलुन, २२ फेब्रुवारी

झूरे,

मी जिवंत आहे.

अक्षर वेडंवाकडं आलंय त्याचं कारण सांगतो. माझी सर्दी छातीत उतरली, तर शेजारचा मोल्दोकुल म्हणाला, ताज्या काळ्या बकरीच्या कातड्यात माणसाला गुंडाळलं की ताप ओढून घेतला जातो. त्याच्याकडे काळी बकरी होतीच, त्याला ती खायचीही होती. त्याने मला मानेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं आणि वर दोरी बांधली. घाम चांगला आला. मग आम्ही बकरी खाल्ली. ती थंड असते ते ठाऊक आहे, पण मी बाहेरून बकरीत आणि बकरी आतून माझ्यात, तेव्हा हिशेब बरोबरच झाला असेल. घोटाळा असा झाला की मी चुलीपाशी बसलो होतो आणि कातडं अंगावरच वाळलं. आता ते निघत नाही. उजवा हात कोपरापासून खाली तेवढा मोकळा आहे, त्याने लिहितोय. मोल्दोकुल म्हणतो पाण्यात भिजवावं लागेल, पण अख्खा माणूस मावेल एवढं पातेलं गावात नाही.

मी मीच आहे याची खूण हवी तर सांगतो. लहानपणी तू गुळाचा खडा समजून सरस खाल्ला होतास आणि दिवसभर तुझं तोंड उघडत नव्हतं. आई म्हणाली होती, असा शांत दिवस या घरात पुन्हा येणार नाही. ते खरं ठरलं.

तुझी खात्री पटावी म्हणून मोल्दोकुललाही लिहायला सांगितलंय. त्याचं पत्र याच टोपीतून येईल.

कासमाली


कारा-बुलुन, २२ फेब्रुवारी

आदरणीय भगिनी झूराकान,

मी मोल्दोकुल, आपल्या बंधूंचा शेजारी. आपणास ठाऊक असेल की आमच्या गावात कोणाच्या घरी काही वेडंवाकडं घडलं तर नातेवाइकांना ते हळुवार शब्दांत कळवण्याचं काम गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. लोक म्हणतात, मोल्दोकुल दारात उभा राहून हवापाण्याचं बोलू लागला की माणूस आपोआप खाली बसतो.

तर हवा बरी आहे. आपले बंधूही बरे आहेत. ते शांत आहेत. त्यांची कसलीच तक्रार नाही. आम्ही त्यांना व्यवस्थित गुंडाळलं आहे. ते फारशी हालचाल करत नाहीत. त्यांना एकटं वाटत नाही. एक सोबत रात्रंदिवस त्यांच्या उशाशी उभी असते आणि त्यांच्याकडे बघत असते, पण तिच्याविषयी अधिक लिहायची मला परवानगी नाही.

मनुष्यजन्म म्हणजे काय, हे आपल्यासारख्या समजूतदार बाईला मी काय सांगावं? धीर धरावा.

आपला, मोल्दोकुल


कोच्कोर, २६ फेब्रुवारी

दादा,

तू आता नाहीस, तरी तुलाच लिहितेय. मोल्दोकुलभाऊंना शिव्या देणं बरं दिसत नाही आणि मला शिव्या दिल्याशिवाय राहवत नाही.

दोन पत्रं आली. पहिलं तुझ्या नावाचं, आणि अक्षर कोंबडीने काढल्यासारखं. त्यातली बकरीच्या कातड्याची गोष्ट कोणी रचली कोण जाणे, बिचाऱ्याने फार मेहनत घेतली. सरसाची गोष्ट साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, माझ्या लग्नात तूच ती पाहुण्यांना सांगितलीस. दुसरं पत्र मोल्दोकुलभाऊंचं. मी उभ्याने वाचायला घेतलं आणि "हवा बरी आहे" वाचताक्षणी खाली बसले. गुंडाळलं आहे, हलत नाही, तक्रार नाही. आणि उशाशी रात्रंदिवस कोण उभं असतं हे का मला कळत नाही? कबरीतला तो देवदूत प्रश्न विचारेल तेव्हा सरळ उत्तरं दे, तुझी ती थट्टेची सवय तिथे चालायची नाही.

आम्ही गुरुवारी निघतोय. बोलोतने मालाची गाडी मिळवली आहे. चुलतभावाने पांढरा तंबू दिलाय, तुला त्यात ठेवू. आमच्यापैकी बाराजण आहेत आणि एक घोडी आहे, तीही म्हातारीच, पण जेवणाला पुरेल. असानबाय म्हणतो घाटात बर्फाचे कडे लोंबकळताहेत, मोठ्याने खोकलं तरी खाली येतील. मी त्याला म्हटलं, मग मी खोकणार नाही. तंबू झटकायला दिवसभर बर्फात उभी होते त्यामुळे खोकला थोडा आहे, पण दाबून ठेवीन. आबांच्या वेळी मला हसवत नेलं होतंस. तुझ्या वेळी मी डोळे उघडे ठेवून येणार. कोणी अडवू नये.

तुझ्यासाठी विलाप रचलाय. बायकांच्या पुढे बसून मीच म्हणणार, दुसऱ्या कोणाला म्हणू देणार नाही. ऐक:

पन्नास घोडे पाण्याला नेणारा माझा दादा,
पागेला आज टाळं, पाणी कोण पाजेल?
बकरीच्या आवाजात हसवणारा माझा दादा,
घाटाच्या वाटेवर मला कोण हसवेल?

मी हे म्हटलं तेव्हा इथल्या सगळ्या बायका रडल्या. गुलबार, म्हणजे आमची सून, ती कधी कोणासाठी रडत नाही, तीही रडली आणि म्हणाली, "सासूबाई, एवढं चांगलं होतं हे मामांना माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही, त्याच्या तोंडावर कोण सांगतं.

झूरा


कारा-बुलुन, १ मार्च

झूराकानला कळवण्यात येतं की कासमाली मेला.

सोमवारी दुपारी चहा पिताना मेला. मी स्वतः पाहिलं. एकदम मेला, ठार मेला. पुरूनही झालं. जेवणं झाली. काही शिल्लक नाही. कोणी येऊ नये.

कासमाली

ता. क. विलापात पन्नास घोडे लिहिलेस. त्या जागी तीन कर, गावातले लोक हसतील.


कोच्कोर, ४ मार्च

दादा,

तू मेलास हे वाचून माझा जीव भांड्यात पडला.

गाडी सुरू झाली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, तोंडावर उशी धरून, खोकला येऊ नये म्हणून. तेवढ्यात असानबाय टोपी काढत समोरून आला. मी पत्र उघडलं, "कासमाली मेला" एवढं वाचलं आणि म्हटलं, उतरा सगळे, दादा जिवंत आहे.

कोणाला काही समजेना. बोलोत म्हणाला, "आई, स्पष्ट लिहिलंय ना मेला म्हणून." या पोराला शहरात शिकवून मी चूकच केली. त्याला समजावलं, अरे, आपल्यात खऱ्या मेलेल्या माणसाबद्दल असं कोणी लिहील का? ज्याला खरंच पुरलंय त्याच्याविषयी "ठार मेला" लिहायला कोणाचा हात धजावेल? एवढा निर्लज्जपणा फक्त जिवंत माणूस करू शकतो, आणि तोही फक्त माझा भाऊ. बाकीच्यांना लगेच पटलं. चुलतभाऊ तंबू घेऊन घरी गेला. त्याचा थोडा हिरमोड झाला होता. घोडी परत केली.

दादा, खरं सांगते, मी रस्त्यातच बसून रडले. मेलास असं वाटत होतं तेव्हा रडले नव्हते, कामं होती.

आता कातड्याचं सांग. निघालं का? आणि ती उशाशी उभी असणारी कोण? या वयात तू घरात बाई आणली असशील तर मला काही हरकत नाही, पण मला मोल्दोकुलभाऊंकडून कळावं हे बरं नाही. तिला म्हणावं, त्याचं डोकं झाकलेलं आहे का ते बघत जा.

नौरूजला तू इथे पाहिजेस. माझ्या अंगात कणकण आहे, ती उशी गारठलेली होती. एक विचार मनात आला, तो लिहिते. मी तुझ्यासाठी विलाप केला, तो वाया गेला तर गेला. पण उद्या मी गेले तर तू काय म्हणशील? तुला दोन ओळी जुळवता येत नाहीत. फाटकाशी येऊन नुसता "झूरे, झूरे" करशील आणि लोक माझी कीव करतील.

झूरा


कारा-बुलुन, ८ मार्च

झूरे,

कातडं निघालं. मोल्दोकुलने मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीने कापलं. थोडी दाढीही गेली. विलापात तू माझ्या दाढीबद्दल एक शब्द लिहिला नाहीस हे मला तसंही लागलं होतं, आता तिथे सांगण्यासारखं काही राहिलंही नाही.

बाकी विलाप बरा आहे. मोल्दोकुलला वाचून दाखवला. तो म्हणाला, आधी कळलं असतं तर आम्ही तुम्हाला जास्त मान दिला असता. दुसऱ्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्या दिवशी घाटात तू हसत होतीस म्हणून मला घोडा हाकता आला, एवढंच सांगतो. तू गप्प बसली असतीस तर मला वाट दिसली नसती.

घरात बाई नाही. यायचं जमणार नाही. कोंबड्या आहेत.

तू आधी जायचं नाहीस. माझ्याने विलाप होणार नाही, मला शब्द सुचत नाहीत, त्यामुळे तो प्रश्नच यायला नको. काळा चहा घे. बिज्जूची चरबी स्वतःच्या छातीला लाव, दुसऱ्याला लिहून पाठवून खोकला जात नसतो.

कासमाली


कोच्कोर, १४ मार्च

मामा,

सलाम. आईला जरा बरं नाही. काळजी करण्यासारखं काही नाही. सवड झाली तर येऊन जा, घाई नाही.

बोलोत


कोच्कोर, २० मार्च

मोल्दोकुल,

माझ्या घराचं दार मी उघडं टाकून आलो असेन, तर लाव. कोंबड्यांना दाणे घाल. चुलीवर चहा होता, तो आता असणार नाही.

तू पत्र वाचून दाखवलंस तेव्हा तुझा आवाज हवापाण्याचं बोलताना होतो तसा झाला, आणि मी उठलो. पुढचं नीट आठवत नाही. तू म्हणालास थांब, असानबायचा ट्रॅक्टर दुरुस्त होऊ दे. पण तोरू खोलीत चुलीपाशी उभीच होती, तिला दारातून बाहेर काढलं आणि बसलो. हिवाळाभर माणसासारखी घरात राहिल्यामुळे तिला बर्फ बघून धक्का बसला. घाटावरच्या रस्ता कामगारांच्या खोपट्यात मुक्काम केला. त्यांनी तिला बाहेर बांधा म्हटलं तर ती दाराला डोकं लावून उभी राहिली, शेवटी आत घेतली.

वाटभर मी विलाप जुळवत होतो. तुला ठाऊक आहे, आपल्यात पुरुषाने मयताच्या घरी गुपचूप जायचं नसतं, लांबूनच घोडा दौडवत मोठ्याने रडत जायचं असतं. बाकी सगळं जमेल, शब्दांचं काय? कोच्कोर दिसलं तरी माझ्याकडे "माझ्या पाठच्या बहिणी" यापलीकडे एक शब्द नव्हता. मग तिची गल्ली आली. मी टाच मारली, तोरू आठ वर्षांत पहिल्यांदा दौडली, आणि माझ्या तोंडून जे आलं ते आलं.

मी ओरडत होतो, माझ्या पाठच्या बहिणी, आता मला डोकं झाक कोण म्हणेल? टोपी आहे, पण घाल म्हणणारी गेली. मला मूर्ख कोण म्हणेल, दुसरे म्हणतात ते मला लागत नाही. माझे मोजे कोण विणेल, तू एक लांब एक आखूड विणायचीस, तसे बाजारात मिळत नाहीत. मी चहात चरबी घातली नाही, झूरे, मी खोटं लिहिलं, मी हिरवा चहा प्यालो. ये आणि मला शिव्या दे. मी तुला घाटात हसवत आणलं होतं, आज मला कोणी हसवलं नाही, मी एकटाच आलो.

गल्लीतले लोक धावत आले. दोघांनी मला रीतीप्रमाणे घोडीवरून उतरवून दोन्ही दंडांना धरलं आणि तेही माझ्याबरोबर रडायला लागले. समोरचा एक म्हातारा मेंढा घेऊन आला, कापायला. बऱ्याच वेळाने डावीकडच्याने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "आजोबा, गेलं कोण?"

मी दाराकडे हात केला. दार किलकिलं होतं. आत कोणीतरी उभं होतं.

मी तेच तेच बोलायला लागलो तसं दार उघडलं. झूराकान. हातात सुमालक, म्हणजे नौरूजची गव्हाची खीर, ढवळायचा लांब डाव, नाक लाल, अंगावर दोन शाली. म्हणाली, "थांबलास का? पुढे म्हण."

मोल्दोकुल, मी चिखलात बसलो.

ती म्हणाली, "कढईत गहू खाली लागतोय, मला जास्त वेळ उभं राहता येत नाही. मोज्यांचं चांगलं होतं. आणखी काही आहे का?"

मी म्हटलं, "तू दाराआड कधीपासून होतीस?"

"तू वळणावर आलास तेव्हापासून. आधी वाटलं शेजारी कोणी गेलं. मग टोपीचं ऐकलं."

"मग दार का नाही उघडलंस?"

ती म्हणाली, "सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याबद्दल बरं बोलत होतास. मधेच कशी तोडू?"

मग तिचं लक्ष माझ्या मागे गेलं. तोरूला धाप लागली होती. झूराकानने हातातला डाव तिच्याकडे रोखला.

"ही कोण?"

मी म्हटलं, "तोरू."

"तोरूला तर आपण खाल्लं."

"तू खाल्लंस. मी नाही."

"नोव्हेंबरात तू मला जे मांस पाठवलंस..."

"ते मोल्दोकुलच्या लंगड्या घोड्याचं."

तिला सगळं सांगावं लागलं. सुरी घेऊन मी गेलो होतो, घोडीने माझ्या खिशात तोंड घातलं, नेहमीसारखं, आणि मी सुरी मोज्यात खोचून परत आलो. पुढे गोठ्याचं छप्पर बर्फाने बसलं तेव्हा तिला घरात घेतली. हिवाळाभर मी बटाट्यावर काढला आणि खोली तिच्या अंगाच्या उबेने तापली. ती माझ्या उशाशी उभी असायची. तिला टाकून येता येईना आणि ती जिवंत आहे हे कोणाला सांगता येईना. झूराकानने ऐकून घेतलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं, पण ती घोडीच्या जवळ गेली आणि तिने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग जमलेल्या लोकांना म्हणाली, "मेलेला भाऊ कापलेल्या घोडीवर बसून मेलेल्या बहिणीला रडायला आलाय. आता आलाच आहात तर ढवळायला हात लावा."

ते सगळे आत बसलेत. मेंढा कापला, कारण म्हातारा म्हणाला एकदा आणलेला परत नेणं अशुभ. कढई उकळतेय. खिडकीतून तोरू आत बघतेय, तिला चुलीची सवय झालीय. बाहेर पाणी ठिबकायला लागलंय. या दिवसांत मी आता एकटा राहणार नाही, असं झूराकानने ठरवलंय आणि मी हो म्हटलंय. बर्फ वितळला की तोरूला घेऊन गावी येईन, गोठ्याचं छप्पर आपण दोघं मिळून घालू. तोवर घराकडे बघ.

कासमाली

मोल्दोकुलभाऊ, खालचं मी लिहितेय, झूराकान. बोलोतचं पत्र मीच त्याला सांगून लिहून घेतलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला जरा बरं नव्हतं, काळजीचं काही नव्हतं आणि घाई नव्हती. दुसऱ्या कुठल्या शब्दांनी तो त्या डोंगरावरून उतरला असता, तुम्हीच सांगा. घाटातल्या त्या दोन दिवसांत त्याचं काय झालं असेल ते मला ठाऊक आहे, मीही एकदा तो घाट ओलांडलाय. त्याबद्दल मी त्याचे पाय दाबून दिले.

बहात्तर वर्षांचा माणूस सबंध डोलोन ओलांडून आला आणि डोक्यावर टोपी नव्हती. तुमच्या घरी राहिली असेल तर असानबायबरोबर पाठवा. काल रात्रीपासून तो शिंकतोय, नाक वाहतंय, काळा चहा देतेय. म्हणजे दादाला जरा बरं नाही. पण हे गावात कोणाला कळवू नका. तुम्ही तर मुळीच नको.

झूराकान